भरसमुद्रातली हाळी

मल्हारीला मेंढरं सेलूच्या स्टेशनापर्यंत पोचवायची होती. काम एवढंच. झरीहून सकाळी निघायचं, वाटेत एक मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी मेंढरं मालगाडीच्या डब्यात चढवायची आणि आल्या वाटेनं परत यायचं. भिवराबाईनं नवऱ्याला भाकरी बांधून दिल्या त्याही तेवढ्याच बेतानं. हा गडी आता समुद्र बघून येणार आहे असं त्या सकाळी कुणी म्हटलं असतं, तर सगळी झरी हसली असती. दुधनेला पूर आला की गाव काठावर जमायचं, आणि त्याहून मोठं पाणी असतं यावर तिथल्या कुणाचा फारसा विश्वास नव्हता.

दिवस लढाईचे होते. लढाई कुठं चालली होती ते गावात कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण तिचं पोट मोठं आहे हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तिला ज्वारी लागत होती, कापूस लागत होता, आणि त्या वर्षी मेंढरं लागली. अरबस्तानाच्या अंगाला कुठंसं एक उजाड बेट होतं. तिथं गोऱ्यांची विमानं उतरत. त्या छावणीला मटण पुरवायचा ठेका सेलूच्या माणिकरावानं मिळवला होता. माणिकरावाच्या ओठात एक आणि पोटात एक असायचं, आणि पायात कायम करकरणारा जोडा. तो जोडा तो कुठंच काढत नसे. बिरोबाच्या ठाण्यासमोर उभा राहून त्यानं कळप हेरला तोही जोडा घालूनच. मल्हारीच्या म्हाताऱ्या बापानं, येडबानं, त्याच्या पायांकडं बघितलं आणि मान फिरवली. माणिकरावासोबत तहसिलीचा शिपाई होता, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

शंभरावर मेंढरं ठरली. टिकली तेवढी सोडून. टिकली ही बिरोबाला सोडलेली मेंढी, अंगानं काळीभोर आणि कपाळावर एक पांढरा ठिपका. देवाच्या जनावराचा कान चिरतात, त्याला कातर लावत नाहीत, ते विकत नाहीत, कापत नाहीत. ते म्हातारं होऊन आपल्या मरणानं मरतं आणि त्याच रानात त्याला पुरतात. टिकलीची लोकर पार गुडघ्यांपर्यंत लोंबत होती. सगळा कळप तिच्यामागं चाले. ती ओढ्यात उतरली की सगळी उतरत, ती थांबली की सगळी थांबत. मेंढराला अक्कल नसते म्हणतात ते खोटं आहे. असते, पण ती त्यांनी एकीच्या हवाली केलेली असते. म्हणून टिकलीला सेलूपर्यंत न्यावंच लागलं.

येडबाला ते पसंत नव्हतं. निघताना त्यानं बिरोबाचा भंडारा लेकाच्या हातात दिला.

"सेलूच्या म्होरं तिला न्हेऊ नगं," तो म्हणाला. "देवाचं जनावर हाय. गेलं तसं माघारी आलं पायजे."

मल्हारीनं भंडारा कपाळाला लावला आणि शब्द दिला.

आणखी एक रीत इथंच सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. दिवस मावळताना धनगर वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभा राहून कळपाला हाळी देतो. प्रत्येक घराची हाळी निराळी. मल्हारीच्या घरची लांब सुराची होती, जीभ टाळूला लावून सुरू व्हायची आणि शेवटी ओढत न्यायची. हुर्रर्र… यो… यो… आणि एकदा हाळी दिली की शेवटचं जनावर आत येईस्तोवर वाडग्याचा झापा, म्हणजे ते बाभळीच्या काट्यांचं दार, लावायचा नाही. आपण बोलवायचं आणि आपणच दार लावायचं यासारखं पाप नाही. एका लंगड्या मेंढीसाठी येडबा एकदा तांबडं फुटेपर्यंत झाप्याशी उभा राहिला होता, आणि ती आली होती.

सेलूला डब्याचं दार उघडलं. आत अंधार आणि तापलेल्या लोखंडाचा वास. एकही मेंढरू पाय उचलेना. मल्हारीनं टिकलीला फळीवरून वर नेलं आणि मग सगळी तिच्यामागं धाडधाड चढली. ती आतल्या कोपऱ्यात गेली, तिच्यामागं कळप दाटला, आणि माणिकरावानं दार ओढून कडी घातली. मल्हारी ओरडला तेव्हा तो हसला. आता तिला काढायची म्हणजे सगळी उतरवावी लागतील, गाडी थांबायची नाही, तेव्हा तूच मुंबईपर्यंत चल आणि तिथून तुझी मेंढी घेऊन ये, असं त्याचं म्हणणं. मल्हारी मनात शिव्या घालत डब्यात चढला.

मुंबईच्या बंदरात गलबत उभं होतं. लढाईनं आगबोटी पळवल्या होत्या, म्हणून असली शिडाची गलबतं पुन्हा लांबच्या वाटेला लागली होती. तिथंही तेच झालं. धक्क्यापासून गलबतापर्यंत एक अरुंद फळी, खाली काळं हलतं पाणी, आणि मेंढरं माना खाली घालून उभी. या खेपेला माणिकरावानं मल्हारीला विचारलंसुद्धा नाही. दोन हमालांकडून टिकलीला उचलून गलबतावर नेलं आणि कळप आपोआप मागं गेला.

"बेटावर उतरलो की तुझी मेंढी तुला," तो म्हणाला. "जबान हाय आपली."

मल्हारी धक्क्यावरून माघारी फिरू शकला असता. पण भंडारा उचलला होता. तो गलबतावर चढला.

गलबताचा नाखवा कोकणातला मुसलमान, बोलायला कमी. त्याचंही माणिकरावाशी वाजलं होतं. होळी उलटून गेली, पश्चिमेला नेणारा वारा आता थकला, निघायला उशीर झाला, असं तो सारखं सांगत होता. त्यात माणिकरावानं पाण्याची निम्मी पिंपं धक्क्यावरच ठेवली होती आणि त्या जागी मिरचीची आणि तंबाखूची पोती रचली होती, छावणीत विकायला. नाखव्यानं पिंपांकडं बोट दाखवलं. समुद्रात काय पाण्याला तोटा, असं म्हणून माणिकराव स्वतःच्याच विनोदावर हसला. असल्या माणसांना वेळ येईपर्यंत सगळीकडं विनोदच दिसतो.

सुरुवातीला वारा होता. शीड भरलेलं, लाकूड कुरकुरायचं, मल्हारीला पोटात काही ठरत नव्हतं. मग वारा मंदावला. एक दिवस नुसत्या झुळका आल्या, आणि एका सकाळी उठून बघतात तो त्याही नाहीत. शीड डोलकाठीला ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. पाणी चहूकडं तेलासारखं सपाट, त्यावर ऊन असं पडलेलं की डोळे उघडवेनात. दोरांचा आवाज थांबला. लाकडाची कुरकुर थांबली. मल्हारीनं आयुष्यात इतकी शांतता ऐकली नव्हती. रानात निदान किडा तरी वाजतो. सकाळी खलाशानं कांद्याची सालं पाण्यात टाकली, ती संध्याकाळी गलबतापाशी तिथंच, हात घातला तर सापडतील अशी तरंगत होती.

दिवसामागून दिवस तसेच गेले. मेंढरांच्या मुताचा, मिरचीचा आणि तापल्या डांबराचा वास डोक्यात चढून बसला. पाणी मापून मिळू लागलं. मल्हारी आपल्या वाटणीच्या पाण्यात फडकं भिजवी आणि निम्मं टिकलीच्या तोंडात पिळी. बाकीच्या मेंढरांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. ती ओरडायचीसुद्धा नाहीत, नुसती त्याच्याकडं बघत.

माणिकरावानं नाखव्याला बाजूला घेतलं. मेंढरं पाणी पितात, पाणी माणसांना पुरायचं नाही, तेव्हा मेंढरं पाण्यात टाकू. नाखवा म्हणाला की तुमचा माल, तुम्ही बघा, माझा माणूस मुक्या जिवाला हात लावणार नाही. आणि हात लावायचाच तर त्या पोत्यांना लावा, त्यांच्या जागी माझी पिंपं होती. माणिकराव बराच वेळ कळपाकडं बघत उभा राहिला. त्याला सेलूचा डबा आठवला असणार आणि धक्क्यावरची फळीही. जे त्याला मल्हारीनंच दाखवलं होतं, ते त्यानं नीट ध्यानात ठेवलं होतं.

भर दुपारी त्यानं मल्हारीला चाऱ्याच्या पेंढ्या काढायला खाली गलबताच्या तळात पाठवलं. मल्हारी पोत्यांमागं वाकला होता. वर जोडा करकरत गेला. मग पाण्यात काहीतरी पडल्याचा एकच आवाज झाला. क्षणभर काही नाही. आणि मग डोक्यावरच्या फळ्या खुरांनी गडगडू लागल्या, आणि पाणी वाजायला लागलं, एकामागं एक, एकामागं एक, न थांबता.

तो वर धावला. कठड्यात फळी लावायला एक मोकळी जागा ठेवलेली असते, तिथून मेंढरं उड्या टाकत होती. कुणी हाकत नव्हतं. पुढची जात होती म्हणून मागची जात होती. माणिकराव बाजूला उभा होता. एकाही मेंढराला त्यानं हात लावला नव्हता. एकीलाच लावला होता. मल्हारी मध्ये घुसला, त्याला तुडवून मेंढरं गेली. शेवटच्या एडक्याचा मागचा पाय त्याच्या हातात आला होता, तोही निसटला.

वारा असता तर गलबत पुढं गेलं असतं आणि निदान बघावं तरी लागलं नसतं. पण वारा नव्हता. मेंढरं गलबताभोवतीच पोहत राहिली. टिकलीमागं गोल गोल, तोंडं वर करून, आणि आता मात्र ती ओरडत होती. होडी सोडा म्हणून मल्हारीनं खलाशांचे पाय धरले. माणिकराव म्हणाला, वर घेऊन त्यांना पाजणार काय? त्यावर नाखव्यानंही खाली बघितलं. एवढी धट्टीकट्टी माणसं होती त्या गलबतावर, आणि उन्हं कलेपर्यंत सगळी हात बांधून ते ओरडणं ऐकत बसली. आग लागो असल्या गप्प बसण्याला.

एकेक करून आवाज कमी झाले. टिकली शेवटपर्यंत राहिली. ती गलबताला लागून आली, मल्हारी पालथा पडून होता त्याच्या बरोबर खाली. त्यानं खांदा निखळेपर्यंत हात लांब केला. बोटांना चिरलेला कान लागला. पण न कातरलेल्या त्या लोकरीनं सगळा समुद्र प्यायला होता, आणि ती हातातून खाली गेली. पाणी इतकं स्वच्छ होतं की कपाळावरचा तो पांढरा ठिपका त्याला फार वेळ दिसत राहिला, लहान लहान होत. तिचं तोंड वरच होतं.

मल्हारी उठला तो सरळ माणिकरावाच्या नरड्याला जाऊन भिडला. चौघा खलाशांनी त्याला ओढून काढलं आणि डोलकाठीला बांधून घातलं. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. त्याला माणिकरावाला मारायचं होतं, आणि एवढ्या एका विचारानं त्याचं अंग तापल्यासारखं झालं होतं. वारा अजून आला नव्हता. कांद्याची ती सालं अजून तिथंच होती. मात्र त्यांच्यात आता काळ्या लोकरीचे पुंजके तरंगत होते.

दिवस मावळायला आला. घरी असता तर ही वेळ वाडग्याशी उभं राहायची. मल्हारी कठड्याच्या त्या मोकळ्या जागेशी जाऊन उभा राहिला, तोंडाशी हात धरले, आणि सगळ्या रागानिशी त्यानं हाळी दिली.

हुर्रर्र… यो… यो…

आवाज सपाट पाण्यावरून लांब गेला. कुठं आदळायला काही नव्हतंच. माणिकराव पोत्यांवर टेकला होता तो ताठ झाला.

"गप रे," तो म्हणाला. "आता काय उपेग हाय त्याचा?"

मल्हारीनं त्याला आजवर मालक म्हटलं होतं.

"तू फेकलंस," तो म्हणाला. "मी बलावलंय."

काही झालं नाही. पाणी तांबडं होतं ते काळपट झालं. खलाशी चुलीशी बसले. आणि मग तिथल्या एकानं नाक वर केलं. वास येत होता. पाऊस पडून गेल्यावर वाडग्यात येतो तो, ओल्या लोकरीचा. मग खालून आवाज आला, गलबताच्या तळाला काहीतरी घासल्याचा. मेंढरू झाडाला अंग घासतं तसं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, मग सगळीकडून… सावकाश. नाखवा कठड्याशी गेला आणि वाकून बघू लागला. इतके दिवस गलबताला चिकटून राहिलेली ती कांद्याची सालं हळूहळू मागं सरकत होती.

त्यानं वर बघितलं. शीड मेल्यासारखं लोंबत होतं. त्यानं बोट ओलं करून हवेत धरलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता, आणि गलबत चाललं होतं.

त्यानं सुकाणू फिरवायचा प्रयत्न केला, ते फिरेना. मग तो चटई टाकून नमाजाला बसला आणि बराच वेळ उठला नाही.

दुसऱ्या दिवशीही दिवसभर ते तसंच चालत होतं. थोडं जाई, थांबे, पुन्हा जाई. खलाशी एकमेकांकडं बघत. ही चाल फक्त मल्हारीला ओळखीची होती. चरत चरत घराकडं निघालेला कळप असाच चालतो.

माणिकरावाचं तोंड उतरलं होतं. ज्या पाण्यासाठी त्यानं एवढं केलं ते पाणी आता त्याला पिववेना. खारट आहे म्हणायचा. बाकीचे तेच पाणी पीत होते, त्यांना काही लागत नव्हतं. तो घोट घ्यायचा, थुंकायचा, आणि मग दातांत अडकलेलं काहीतरी दोन बोटांनी ओढत राहायचा. काळी लोकर. लांब, न कातरलेली. ओढून संपायची नाही. उन्हं उतरता तो मल्हारीजवळ आला. करकर वाजवत चालणारा माणूस, पण आता पाय घासत आला.

"मल्हारी… त्यांला माघारी धाड."

"बलावलेलं माघारी धाडता येत न्हाई."

"मग… काय करत असता तुमी लोक?"

"झापा उघडा ठिवतो. शेवटचं आत येस्तोवर."

त्या गलबतावर झापा म्हणावा असं एकच होतं, कठड्यातली ती मोकळी जागा. माणिकराव तिकडं वळला. तो पाण्यात बघत होता. मल्हारीनंही बघितलं. गलबताच्या थोडं पुढं, पाण्याच्या जरा खाली, एक पांढरा ठिपका चालला होता. माणिकरावाच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं. त्याच्यावर ना भीती राहिली, ना ती लबाडी. सेलूच्या डब्यासमोर टिकली चढल्यावर मागच्या मेंढरांची तोंडं जशी झाली होती, तसं त्याचं तोंड झालं. त्यानं एक पाय उचलला आणि पुढं टाकला, मग दुसरा. मल्हारी हाताच्या अंतरावर होता. त्यानं हात उचलला नाही, आणि त्याचं त्याला त्या वेळी किंवा पुढं कधीही वाईट वाटलं नाही.

पाणी वाजलं नाही. जोड्याची करकर मात्र ऐकू येत राहिली. गलबताच्या पुढं, सपाट पाण्यावर, लांब लांब जात… मग तीही बंद झाली.

थोड्या वेळानं शीड हललं. वारा आला होता.

नाखव्यानं बेटावरच्या साहेबाला सांगितलं की ठेकेदार पाय घसरून पडला आणि मेंढरं तहानेनं गेली. उलट वारा सुरू झाला तसं गलबत परतीला लागलं. मृगाच्या तोंडावर मल्हारी झरीला पोचला. येडबा ठाण्याच्या ओट्यावर बसला होता. त्यानं लेकाच्या मागं रिकाम्या वाटेकडं बघितलं.

"टिकली?"

"पान्यात," मल्हारी म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान फिरवली. त्या दिवसापासून तो लेकाशी बोलायचा थांबला, आणि तसाच, न बोलता, पुढल्या थंडीत गेला. शेवटच्या घटकेलाही त्यानं लेकाच्या कपाळाला भंडारा लावला नाही. मल्हारीला ते फार लागलं. शब्द आपण दिला, मोडला तो दुसऱ्यानं, आणि बापाच्या लेखी बेइमान ठरलो आपण. माणिकराव मेला म्हणून त्याचा राग मेला नव्हता. सेलूला गेला की तो माणिकरावाच्या बंद दुकानासमोर थुंकून पुढं जाई.

घरी थोडी मेंढरं उरली होती. ती तो राखत होता, पण हाळी कधी देत नव्हता. संध्याकाळी काठीनं हाकून, एकेक ढकलून वाडग्यात घाली. भिवराबाईनं एकदा विचारलं, आवाज बसलाय का. समुद्रावरचं त्यानं तिला सांगितलं नव्हतं. ते सांगायला हवं होतं.

निजामाचं राज्य जायच्या आधीचा उन्हाळा. दुधनेचं पात्र कोरडं पडलेलं, रानात भेगा. मल्हारीला हिवताप भरला होता आणि तो खोपटात घोंगडी घेऊन पडला होता. दिवस मावळला, उजेड अजून होता. मेंढरं रानातच पांगली होती. भिवराबाई वाडग्याशी गेली, आणि इतकी वर्षं सासऱ्याच्या तोंडची ऐकलेली ती हाळी तिनं दिली, तिच्या बारीक आवाजात.

हुर्रर्र… यो… यो…

मल्हारी घोंगडी टाकून उठला. तो वाडग्याशी पोचला तोवर घरची मेंढरं आत गेली होती. भिवराबाई झापा ओढायला लागली होती. त्यानं तिचा हात धरला.

"थांब," तो म्हणाला.

"सगळी आली की."

"न्हाई आली."

दोघं उभी राहिली. वारा अजिबात नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. आणि मग त्या कोरड्याठाक रानातून वास आला, ओल्या लोकरीचा. भिवराबाईनं पदर नाकाला लावला. धूळ न उडवता काहीतरी त्यांच्या पायांना घासून आत जाऊ लागलं. दिसत काहीच नव्हतं, पण तिच्या गुडघ्यांना गार, ओलं लागत होतं आणि तिचं लुगडं खालून भिजत चाललं होतं. एक, मग एक, मग कितीतरी. घरची मेंढरं कुडाकडं सरकली, जागा करून देत असल्यासारखी. थोड्या वेळानं वाडग्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी बघावं तर मेंढरं मूठभरच.

शेवटी एकच डोळ्यांना दिसली. काळी, जड, पाणी निथळत असलेली. कपाळावर पांढरा ठिपका. मल्हारी मातीत बसला. तिच्या मानेवरच्या लोकरीत त्यानं हात घातला, तो हात बधिर झाला इतकी ती गार होती. चिरलेला कान त्यानं बोटांत धरला. या खेपेला तो निसटला नाही. ती त्याला ओलांडून आत गेली, आणि मल्हारी लहान पोरासारखा रडला.

तेव्हा वाटेवर करकर वाजली.

सावकाश, एका पायामागं एक. भिवराबाईनं उजेडात डोळे ताणले. वाट रिकामी होती. करकर मात्र जवळ येत होती, कळपाच्या मागोमाग, शेवटच्या जनावरासारखी. झाप्यासमोर येऊन ती थांबली. पाणी ठिबकत असल्याचा आवाज आला.

मल्हारी उठला. हाळीची रीत त्याला ठाऊक होती. एका लंगड्या मेंढीसाठी रात्र काढणाऱ्या बापाचा तो लेक होता. त्याच्या कपाळाची शीर उडत होती. त्यानं दोन्ही हातांनी झापा धरला.

"बलावलं ते जनावरांला," तो म्हणाला. "जनावरं आली."

आणि त्यानं झापा लावला. काट्यांवर दगड ठेवला आणि त्यावर पाठ टेकून बसला.

सकाळी वाडग्यात घरची तेवढीच मेंढरं होती. मधोमध थोडी जागा मोकळी होती, तिथली माती ओली होती, आणि सगळी मेंढरं गोल उभी राहून ती माती चाटत होती. भिवराबाईनं चिमूट जिभेवर ठेवली. मीठ. मल्हारीनं त्या मातीवर भंडारा टाकला आणि बापाच्या नावानं हात जोडले. त्याला वाटलं, फिटलं.

पण त्या दिवसापासून भिवराबाईला दर सकाळी झाप्याचा खांब बाहेरून धुवावा लागतो. रात्रीतून त्यावर पांढरे वळ उठलेले असतात, वाळलेल्या मिठाचे. जाणारा येणारा म्हणतो, मेंढरं अंग घासत असतील. ती खांब धूत राहते. ते वळ मेंढराच्या उंचीला नसतात. ते तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर असतात, एकेका जागी पाच पाच, वरून खाली ओढलेले.